नववीची खटकवही: वाचनातून इंग्रजी वाक्प्रचार (प्रकल्प नोंदी)

१६ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली. हर्णैच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारलेल्या आहेत. मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, म्हणून वर्ग भरलेला. एकदा हंगाम सुरू झाला की मागचे बाक रिकामे पडायला लागतात. तेव्हा जे काही मुळात रुजवायचं ते याच दिवसांत.

प्रकल्पाचा कागद मुख्याध्यापकांकडे दिला. त्यांनी सही केली आणि विचारलं, "म्हणजे वाक्प्रचार पाठ करून घेणार ना, बाई?"

पाठ करून घ्यायचे नाहीत म्हणून तर हा खटाटोप. व्याकरणाच्या पुस्तकामागे यादी असते: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, खाली "वाक्यात उपयोग करा". मुलं घोकतात, "माय सिस्टर इज द ॲपल ऑफ माय आय" लिहून गुण मिळवतात आणि पेपर दिला की मोकळी होतात. यादीत प्रत्येक ओळ "मी वाक्प्रचार आहे" असं सांगतच समोर येते. उताऱ्यात कुणी सांगत नाही. तिथे तो साध्या कपड्यातल्या पोलिसासारखा गर्दीत उभा असतो.

आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, त्यामुळे नववीपर्यंत शब्द बऱ्यापैकी जमलेले असतात. अडतं ते दुसरीकडेच.

१९ जून, गुरुवार

कुठे अडतं ते पाहायला चाचणी घेतली. कल्पना रॉन मार्टिनेझ आणि व्हिक्टोरिया मर्फी यांची. २०११ साली त्यांनी ब्राझीलमधल्या प्रौढ विद्यार्थ्यांवर अभ्यास केला होता. उतारे असे बेतलेले की शब्द दोन्हीकडे तेच, अगदी रोजच्या वापरातले. एकीकडे ते सरळ अर्थाने आलेले, दुसरीकडे त्यांचेच वाक्प्रचार झालेले. दुसऱ्या प्रकारात आकलन घसरलं, ते घसरणारच. पण आपल्याला किती कळलं याचा विद्यार्थ्यांचा स्वतःचा अंदाज मात्र त्या मानाने फारच चढा निघाला. मला रस आहे तो या दुसऱ्या गोष्टीत.

मी आमच्या बेताचे दोन उतारे लिहिले. पहिल्यात मुद्दाम दोन-तीन अनोळखी शब्द पेरले. दुसऱ्यात एकही नाही. दुसऱ्याची सुरुवात अशी: "मीना रॅन इनटू हर अंकल ॲट द बस स्टँड. बाय अँड लार्ज ही वॉज वेल, बट ही हॅड गिव्हन अप टी."

पहिल्या उताऱ्याला हात वर: बाई, या शब्दाचा अर्थ काय, त्या शब्दाचा अर्थ काय. दुसऱ्याला सगळीकडे सामसूम. "कळलं?" "हो बाई!" अगदी एका सुरात. मग खाली विचारलेला प्रश्न होता, "वॉज द अंकल हर्ट?" बहुतेकांनी "येस" लिहिलं. मीना धावत येऊन काकांवर आपटली, काकांना लागलं. एकीने तर काका अंगाने मोठे असल्याने फारसं लागलं नाही असंही लिहिलं. "लार्ज"ची सोय तिने तिथे लावली. आणि शेवटी काकांनी चहा दिला. खरं तर मीनाला काका अचानक भेटले होते, ते एकंदरीत बरे होते आणि त्यांनी चहा सोडला होता.

गोष्ट जुळली की हो! मीना, धडक, अंगापिंडाने मोठे काका, चहा. असं सगळं बसतंय म्हटल्यावर कुणी हात वर का करावा?

म्हणजे अर्थ सांगणं हे माझं दुसरं काम. पहिलं काम, आपल्याला कळलेलं नाही हे मुलांना कळायला लावणं.

२६ जून, गुरुवार

वहीचं नाव वर्गानेच ठेवलं: खटकवही. वाचताना जिथे खटकेल ते वाक्य पूर्ण उतरवायचं. अर्थ लगेच लिहायचा नाही. आधी लिहायचं ते कोण बोलतंय, कुणाशी, रागात की मजेत, आणि पुढच्या दोन ओळींत काय घडतं. मग अंदाज, पेन्सिलने. शब्दकोश सगळ्यांत शेवटी.

"पण बाई, खटकलंच नाही तर?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला. बरोबर प्रश्न. काकांच्या गोष्टीत कुणाला कुठे खटकलं होतं?

उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळालं. वर्गात एक नेपाळी मुलगा आहे. आमच्या बंदरातल्या होड्यांवर बरेच खलाशी नेपाळचे, त्यातल्याच एका कुटुंबातला. चार वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला मराठीचा गंध नव्हता. आता मराठीत वाद घालतो. त्याला विचारलं, 'नाकी नऊ येणे' तुला कुणी शिकवलं?

"कुणी नाय. पहिल्यांदा वाटलं नाकाला कायतरी झालं. पण बोलणाऱ्याचं नाक तर चांगलं होतं."

वर्ग हसला. मी फळ्यावर तेवढंच वाक्य लिहिलं: बोलणाऱ्याचं नाक तर चांगलं होतं. मग तो म्हणाला, पुढे जाळं ओढताना एकाने तेच म्हटलं, नंतर बाजारात एका बाईने पोराच्या नावाने तेच म्हटलं. दोघं दमलेली. तेव्हा कळलं.

या पोराने दोनच गोष्टी केल्या. शब्दांनी जे चित्र उभं केलं ते समोरच्या प्रसंगाशी ताडून पाहिलं, आणि जुळलं नाही तेव्हा घाईने अर्थ न लावता तोच प्रयोग पुन्हा कानावर पडायची वाट पाहिली. वर्गात मला शिकवायचंय ते नेमकं हेच, आणि ते येणारा माणूस तिसऱ्या बाकावर बसलेला.

यातून उताऱ्यांचा नियम ठरला. कुठलाही वाक्प्रचार एकदाच आणायचा नाही. आठवड्याभरात तो निदान तीन वेगळ्या प्रसंगांत यायला हवा, आणि एखाद्या प्रसंगात तरी शब्दशः अर्थ अजिबात बसता कामा नये. काकांच्या उताऱ्यात मी आता "मीना स्टेड ऑन हर सीट इन द बस, अँड रॅन इनटू..." असं करून पाहणार आहे. सीटवर बसलेली मीना धावेल कशी?

४ जुलै, शुक्रवार

सकाळपासून धो धो. कुणीतरी उत्साहाने "इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" म्हटलंच. मांजरं-कुत्रीच का? याचं खात्रीचं उत्तर कुणाकडे नाही. गवताच्या छपरावर झोपलेली जनावरं पावसात घसरून खाली पडायची, ही मोबाइलवर फिरणारी कथा रचलेली आहे, हे सांगितलं तर पोरं हिरमुसली.

आणि खरं सांगायचं तर आजच्या इंग्रजी लिखाणात हा प्रयोग क्वचितच भेटतो. आपल्या याद्यांना असले रंगीत प्रयोग फार आवडतात. वाचताना मुलाचा पाय घसरतो तो "एंड अप", "इन द लाँग रन", "फॉर गुड", "मेक अप युअर माइंड" यांवरून. दिसायला अगदी गरीब, पण पानापानावर. उतारे लिहिताना भर यांच्यावर.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. शाळेच्या कार्यक्रमाला एका मुलाचे आजोबा आले होते, शिडाच्या होडीवर उमेदीची वर्षं घालवलेले जुने तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. हार-नारळ झाल्यावर त्यांना वर्गात घेऊन आले. इंग्रजीत समुद्रावरचे वाक्प्रचार भरपूर, आणि शिडाचे दिवस पाहिलेला माणूस गावात आता विरळाच. मुलांच्या पिढीला इंजिनच माहीत.

आजोबांनी वर्गातली पट्टी डोलकाठी केली, ओढणीचं शीड केलं, सुतळ्या बांधल्या. त्यांना इंग्रजी येत नाही. मी वाक्प्रचार मनात धरून नुसते प्रश्न विचारत गेले.

नवा पोरगा होडीवर आला की पहिलं काय शिकवायचं? "दोर. कुठला दोर कशाचा, ते अंधारात हाताला कळलं पाहिजे." हेच "शो समवन द रोप्स". मुलांनी ते आदल्या दिवशी दवाखान्याच्या उताऱ्यात वाचलं होतं. नवी नर्स येते, मोठ्या सिस्टर तिला "रोप्स" दाखवतात. अंदाज आले होते ते सलाइन टांगायची दोरी इथपासून फासापर्यंत. आजोबांचं बोलणं संपायच्या आत दोघींनी वह्या उघडून पेन्सिलचा अंदाज खोडला.

शिडाचे दोर सुटले तर? त्यांनी ओढणीची खालची टोकं सोडली, पट्टी हलवली. "शीड फडफडणार, वारा भरणार नाय. होडी अशी जाते..." आणि स्वतःच चार पावलं झोकांड्या खात चालून दाखवलं. इंग्रजीत झिंगलेल्या माणसाला "थ्री शीट्स टू द विंड" म्हणतात आणि तिथल्या "शीट" म्हणजे कापड नव्हे, शिडाचा कोपरा आवळून धरणारे दोर. नववीच्या वर्गात दारूचा वाक्प्रचार कशाला, असं कुणी म्हणेल. झोकांड्या आजोबांनी काढल्या, मी फक्त इंग्रजी सांगितलं.

"बाय अँड लार्ज"सुद्धा त्यांच्याच शिडातून सुटला. वाऱ्याच्या शक्य तितकं तोंडावर जाणं ते "बाय", वारा मागे घेऊन मोकळं जाणं ते "लार्ज". दोन्ही तऱ्हांनी नीट चालणारी होडी एकंदरीत चांगली. काकांच्या अंगाचा संबंध नाही हे तेव्हा कुठे सगळ्यांना पटलं.

बेल्जियमचे फ्रँक बोअर्स आणि त्यांचे सहकारी यावर बरीच वर्षं काम करत आले आहेत: वाक्प्रचार मुळात कुठल्या व्यवसायातून, खेळातून आला ते कळलं की तो जास्त लक्षात राहतो. आज ते डोळ्यांसमोर पाहिलं.

१७ जुलै, गुरुवार

पण लक्षात राहणं वेगळं आणि वाचताना अर्थ लागणं वेगळं. आज उताऱ्यात वाक्य होतं, "हिज पार्टनर्स लेफ्ट विथ द मनी, अँड ही वॉज लेफ्ट हाय अँड ड्राय." प्रश्न: त्याची अवस्था कशी आहे?

किनाऱ्यावरच्या वाडीतली मुलं ठामपणे: मजेत. सुरक्षित. का? होडी पाण्यापासून उंचावर, कोरडी, म्हणजे पावसाळ्यात तिची काळजी घेतली गेली. आमच्या बंदरावर आत्ता तशाच आहेत की सगळ्या! बाजारपेठेतल्या मुलांनी मात्र, ज्यांच्या घरात होडी नाही त्यांनी, बरोबर ओळखलं: बिचारा अडकला. त्यांच्याजवळ चित्रच नव्हतं, म्हणून ते मागच्या शब्दांकडे वळले. पार्टनर पैसे घेऊन पळालेत.

इंग्रजी प्रयोगातली होडी ओहोटीने फसलेली आहे. पाणी निघून गेलं, ती वाळूवर रुतून बसली. आमच्या मुलांची होडी नाखव्याने माणसं लावून वर घेतलेली. चित्र जवळपास तेच, अर्थ उलटे. समुद्र ज्यांच्या घरचा, तीच फसली.

म्हणून क्रम पक्का: प्रसंग आधी, चित्र नंतर. चित्राचं काम मिळालेला अर्थ धरून ठेवायचं. अर्थ शोधायला त्याला पाठवायचं नाही. तांडेल आजोबांना पुन्हा बोलावणार आहे, पण आठवड्याच्या शेवटी, उतारे वाचून झाल्यावर.

मातृभाषेशी जुळणाऱ्या प्रयोगांतही हाच धोका. "बुडत्याला काडीचा आधार" आणि "क्लच ॲट स्ट्रॉज" जुळे भाऊ, फुकट मिळतात. "टर्न अ ब्लाइंड आय" म्हणजे आपला कानाडोळा, तेही सोपं. पण "कोल्ड फीट" पाहिलं की मुलं "हातपाय गार पडणे" लावून मोकळी होतात. आपल्याकडे ते भीतीने, कुठेही, कधीही. इंग्रजीत पाय गार पडतात ते आधी ठरवलेल्या गोष्टीतून ऐन वेळी माघार घेताना. बोहल्याच्या पायरीवर, पाण्यात उडी मारायच्या फळीवर. सुझन इरुहो यांनी १९८६ साली स्पॅनिश भाषकांबाबत हेच नोंदवलं होतं: घरच्या भाषेसारखा, पण थोडा वेगळा प्रयोग असला की घरची भाषा मध्ये लुडबुड करते.

५ ऑगस्ट, मंगळवार

काल ओव्हलवर भारत सहा धावांनी जिंकला. आज दुसरं काही शिकवणं शक्यच नव्हतं, म्हणून रात्रीच त्यावर उतारा लिहून ठेवला. इंग्लंडला ३७४ हव्या होत्या, ब्रुक आणि रूट यांची शतकं, मग पडझड, गळ्यात हात बांधून आलेला वोक्स, सिराजचा शेवटचा चेंडू, ३६७ सर्वबाद, मालिका २-२.

गंमत अशी की क्रिकेटच्या उताऱ्यात क्रिकेटचा वाक्प्रचार ओळखणं सगळ्यांत अवघड. मी दोन वाक्यं जवळजवळ घातली होती: "रूट प्लेड इट ऑफ द बॅक फूट" आणि "बाय टी, इंडिया वेअर ऑन द बॅक फूट". पहिल्यात खरा पाय आहे. दुसऱ्यात पाय कुणाचा? "अकरा जणांचा," एक म्हणाला, आणि म्हणता म्हणताच थांबला. "नाय बाई, अख्खी टीम मागच्या पायावर कशी जाईल? आणि तेव्हा आपली तर बॉलिंग होती." बोलणाऱ्याचं नाक तर चांगलं होतं, असं मागून कुणीतरी ओरडलं. ते वाक्य आता वर्गाचं झालंय.

"डाउन टू द वायर"वर कुणीच अडलं नाही. वायर म्हणजे मैदानाचं कुंपण, बॉल तिथवर गेला. त्याच आठवड्याच्या दुसऱ्या उताऱ्यात ग्रामपंचायतीची मतमोजणी "डाउन टू द वायर" गेली तेव्हा मात्र पेन्सिली थांबल्या. निकाल अगदी शेवटच्या क्षणापर्यंत लांबला, हा त्याचा अर्थ आणि घोड्यांच्या शर्यतीतली शेवटची तार मी नंतर सांगितली.

११ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा झाली. मागचे बाक रिकामे. उतारे घरी पाठवले.

१० सप्टेंबर, बुधवार

गणपतीची सुट्टी संपली. पत्रलेखनाच्या वह्या तपासत होते. मित्राला सांत्वनाचं पत्र. एका हुशार मुलीने लिहिलंय, "आय ॲम व्हेरी सॉरी दॅट युअर ग्रँडफादर किक्ड द बकेट."

व्याकरण बिनचूक. अर्थही बरोबर, आजोबा वारलेच आहेत. वर्गात तिचं नाव न घेता मराठी करून वाचलं: तुझे आजोबा गचकले हे ऐकून वाईट वाटलं. हसून हसून पुरेवाट.

मग मुलांनीच फळ्यावर मराठी उतरंड लावली: देवाज्ञा झाली, वारले, गेले, राम म्हटला, खपला, गचकला. कुठला शब्द कुणाबद्दल, कुणासमोर, याबद्दल एकालाही शंका नव्हती. 'राम म्हटला'वर मात्र जरा वेळ थांबलो. "त्याने राम म्हटला" चालतं. "त्याच्याकडून राम म्हटला गेला" म्हटलं की माणूस जिवंत होऊन नामस्मरण करायला लागतो. "किक द बकेट"चंही तसंच. बादली लाथाडली गेली असं उलटवलं की नुसती बादली उरते. "स्पिल द बीन्स" मात्र उलटवता येतो, कारण तिथे बीन्स म्हणजे गुपित आणि सांडणं म्हणजे फुटणं, असे तुकडे पाडता येतात. बादलीचा असा तुकडा पडत नाही. कर्मणी प्रयोग शिकवायला याहून बरा तास मिळाला नसता.

प्रकल्पाचं एक पथ्य यामुळे आणखी पक्कं झालं: ओळखणं पुरे. वापरण्याचा आग्रह नाही. 'वाक्यात उपयोग करा' या सवयीतूनच असली पत्रं निघतात.

२२ सप्टेंबर, सोमवार

शब्दकोश हातात दिले. वाक्प्रचार कुठल्या शब्दाखाली शोधायचा हा खरा पेच. "लेट द कॅट आउट ऑफ द बॅग" हे 'लेट'मध्ये, 'कॅट'मध्ये की 'बॅग'मध्ये? शाळेत ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा मोठा कोश आहे. त्यात नोंदीच्या शेवटी वाक्प्रचारांचा वेगळा भाग असतो, आणि एका ठिकाणी नसलं तरी दुसऱ्या शब्दाकडे बोट दाखवलेलं असतं. ते बोट शोधायचा सराव केला. हा कोश हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये शिकवताना जपानी विद्यार्थ्यांसाठी बांधला आणि १९४२ साली तो प्रथम टोकियोत छापला गेला, हे ऐकून नेपाळी मुलगा खूश. बाहेरून आलेल्यांसाठीच केलेलं पुस्तक.

आता तो सातवीतल्या एका नव्या मुलाला, त्याच्याच नात्यातल्या, मराठीसाठी खटकवही घालायला लावतोय. पहिली नोंद: पोटात कावळे ओरडणे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सत्र परीक्षेत प्रकल्पाला पाच गुण मिळाले आहेत. प्रश्न असा ठेवला: उताऱ्यात काहीही अधोरेखित नाही. शब्दशः अर्थ घेतला तर गोष्ट जिथे अडते ते वाक्य शोधून उतरवा आणि का अडते ते मराठीत लिहा. जागेला दोन, कारणाला दोन, अर्थाला एक.

"अर्थाला एकच?" मुख्याध्यापक. अर्थ कोशात मिळतो, सर. जागा कोशात मिळत नाही. त्यांनी मान डोलावली, पण पुढच्या सत्रात "रिकाम्या जागा भरा" हवंच म्हणाले. बघू.

पेपर तपासून झाले. नेमकी जागा बहुतेकांनी पकडली. काही जणांना मात्र आता जिकडेतिकडे वाक्प्रचार दिसायला लागलेत. उताऱ्यात एक अगदी सरळ वाक्य होतं: "द ओल्ड कॅप्टन वेट हिज फिंगर अँड हेल्ड इट अप." वारा कुठून येतोय ते पाहायला म्हाताऱ्याने बोट ओलं करून वर धरलं, एवढंच. वाडीतल्या कुणीही तिकडे ढुंकून पाहिलं नाही. बाजारपेठेतल्या एकीने तेच वाक्य उतरवलंय आणि कारण दिलंय: "बोट वर करतात ते परवानगी मागायला. होडीवर कॅप्टन सगळ्यांत मोठा, तो कुणाची परवानगी मागणार? म्हणून इथे वेगळा अर्थ असला पाहिजे."

जागेचे गुण नाहीत. कारणाचे दोन्ही दिले.